जुना सोफा नवा करायचा की नवाच आणायचा? गोव्याच्या हवेतलं गणित

पर्वरीच्या फ्लॅटमध्ये हौसेने आणलेल्या एल आकाराच्या सोफ्याचं काळं ‘लेदर’ तिसऱ्या पावसाळ्यात सुटायला लागलं. आधी हात टेकायच्या जागेवर, नखाएवढं. मग पाहुणे उठले की त्यांच्या पँटला मागून काळे पापुद्रे चिकटलेले दिसायचे आणि सांगायची लाज वाटायची. दुकानात विचारलं तर उत्तर तयार होतं, ‘‘हवेमुळे होतं मॅडम, वॉरंटीत येत नाही.’’ त्याच सुमाराला डिचोलीच्या घरी बाबांनी १९८६ मध्ये घर बांधताना करून घेतलेला सागवानी सोफा जुनी चादर पांघरून पडवीत पडला होता. बसलं की थेट पट्ट्यांना टेकायचं. तो कुणाला तरी फुकट देऊन टाकायचा असं आमचं ठरलंही होतं.

शेवटी फेकला तो नवा आणि परत घरात आला तो जुना. या उलाढालीत दोन वर्षं आणि बरेच पैसे गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून, ज्या क्रमाने करायला हवं होतं त्या क्रमाने सगळं लिहिते.

सोबत काय हवं

- टॉर्च (मोबाइलचा चालेल) आणि स्क्रू ड्रायव्हर
- मोजपट्टी
- पांढऱ्या कागदाचे चार-पाच ताव
- वजनकाटा, स्वयंपाकघरातला किंवा हाताने उचलायचा
- एक वही. कापडाचे तुकडे, मापं आणि दर सगळं एकाच जागी राहील अशी.

१. कापडाकडे बघू नका, सोफा उलटा करा

आपण सगळे सोफ्याचा निकाल कापडावरून लावतो, आणि तिथेच चुकतो. कापड आणि फोम या बदलायच्याच वस्तू. ठेवायचं की टाकायचं हे ठरतं सांगाड्यावर, आणि सांगाडा दिसतो खालून.

दोघांनी मिळून सोफा पालथा घाला. खाली पातळ काळं कापड मारलेलं असतं. त्याच्या एका कोपऱ्यातल्या पिना स्क्रू ड्रायव्हरने उचकटा आणि आत टॉर्च मारा. सलग रेषांचं भरीव लाकूड दिसलं तर पुढे वाचा. प्लायवुड दिसलं तर कडा बघा. थर एकमेकांना घट्ट धरून असतील तर ठीक, पुस्तकाच्या पानांसारखे सुटले असतील तर नाही. भुसा दाबून केलेला बोर्ड दिसला आणि पायांजवळ तो फुगलेला असेल, तर कापड परत लावा आणि थेट पायरी ४ वर जा. एकदा पाणी प्यायलेला तो बोर्ड पुन्हा बसत नाही आणि त्यात स्क्रूही धरत नाही. माझा नवा सोफा हा असा होता, हे मला तो टाकायच्या दिवशी कळलं.

मग सोफा सरळ करा आणि पुढचा एक कोपरा वीतभर उचला. दुसऱ्या टोकाचा पुढचा पायही लगेच उचलला गेला पाहिजे. तो जमिनीलाच चिकटून राहिला तर सांगाडा पिळवटतोय, म्हणजे सांधे ढिले आहेत. ढिले सांधे ही वाईट बातमी नव्हे. जुन्या कामात एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसवलेली असते. मेस्त, म्हणजे सुतार, ते उघडतो, जुना गोंद खरवडतो, नव्याने भरतो आणि आतल्या कोपऱ्यात तिरका ठोकळा मारतो. मोडलेलं लाकूड आणि सुटलेला सांधा यांत फरक करा.

ही परीक्षा मार्च-एप्रिलमध्ये घ्या. पावसात लाकूड फुगतं आणि ढिला सांधाही घट्ट वाटतो. ऑगस्टमध्ये ‘एकदम मजबूत’ म्हणून घेतलेली जुनी खुर्ची फेब्रुवारीत करकरायला लागते ती यामुळेच.

२. कीड: कागद घालून रात्रभर थांबा

सोफ्याच्या प्रत्येक पायाखाली आणि मधल्या दांड्याखाली पांढरा कागद घाला. सोफ्यावर दोन-चार थापा मारा आणि सकाळी बघा.

मैद्यासारखी मऊ पूड पडली असेल तर लाकूड पोखरणारा भुंगेरा आहे. लाकडावर टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकंही सापडतील. खसखशीसारखे सुटे, टणक दाणे पडले असतील तर ती कोरड्या लाकडात राहणारी वाळवी. आणि पायावरून वर चढलेली मातीची बारीक नळी दिसली तर ती जमिनीतून आलेली वाळवी. तिचा उपाय सोफ्यावर नाही, घरावर करायचा असतो. सोफा दुरुस्त करून परत त्याच भिंतीशी ठेवलात तर ती पुन्हा येणार.

भोकं दिसली म्हणून घाबरू नका. भोक जुनं असेल तर आतून काळपट दिसतं, चालू असेल तर आत ताजं, फिकं लाकूड दिसतं आणि पूड रोज पडते. सागाचा मधला गडद भाग किडीला सहसा दाद देत नाही. कडेचा पांढरट भाग मात्र ती आवडीने खाते. आमच्या सोफ्याच्या मागच्या एका दांड्यात असाच पांढरट पट्टा होता आणि तेवढाच पोखरला होता. दांडा बदलला, बाकीच्या भोकांत औषध भरून मेणाने बुजवलं. मेस्तांनी पुढच्या दांड्यावर स्क्रू ड्रायव्हरची मूठ दोनदा आपटली, टणटण आवाज आला, आणि म्हणाले, ‘‘बाय, हें तुज्या नातरांक पावतलें.’’ (हे तुझ्या नातवंडांपर्यंत टिकेल.) पोखरलेलं लाकूड डबडबं वाजतं. हा फरक कानाला पाच मिनिटांत कळायला लागतो. दोन्ही वाजवून बघा.

दोन-तीन मुख्य दांडे पोकळ निघाले तर मात्र मोह सोडा.

३. वेताची खुर्ची असेल तर तिच्यावर फोम मारू नका

ही पायरी सगळ्यांसाठी नाही, पण गोव्यातल्या जुन्या घरांत कोपऱ्यात एखादी तरी वेताची खुर्ची असतेच. शिसवी नाहीतर सागवानी, बैठक वेताच्या जाळीची आणि ती मधोमध फाटलेली. सोफावाले लगेच सुचवतात, ‘‘जाळी काढून फळी मारू, वर फोम.’’ ऐकू नका. आपल्या हवेत वेताची बैठक हीच शहाणपणाची. खालून वारा लागतो, घाम धरत नाही, बुरशी आली तर ओल्या फडक्याने निघते.

आधी बैठकीच्या चौकटीची कड बघा. कडेने ओळीत भोकं पाडलेली असतील तर ती हाताने विणायची जाळी. एकेक पट्टी भोकातून ओढून विणणारा माणूस लागेल आणि वेळही. भोकांऐवजी सलग खाच असेल तर तयार जाळीचं भेंडोळं मिळतं, ते कापून खाचेत ठोकून बसवतात. हे स्वस्त पडतं आणि लवकर होतं. भोकांच्या खुर्चीला कुणी खाच पाडून तयार जाळी बसवतो म्हणाला तर थांबवा.

जाळी फाटली नसेल, नुसती झोळीसारखी लोंबली असेल, तर कारागीर शोधण्याआधी हे करून बघा. खुर्ची उलटी करा, खालच्या बाजूने गरम पाण्यात बुडवलेलं फडकं जाळीवर अर्धा तास ठेवा, मग सावलीत, वाऱ्यावर वाळू द्या. दोन दिवस कुणाला बसू देऊ नका. वाळताना वेत आखडतो आणि जाळी ताणली जाते. मला पहिल्यांदा हे खरं वाटलं नव्हतं.

४. नवाच घेणं शहाणपणाचं कधी

सांगाडा भुशाच्या बोर्डाचा असेल, मुख्य दांडे किडले असतील, किंवा सोफा फ्लॅटच्या जिन्यातून वरच जात नसेल तर नवा घ्या. (जिन्याचं वळण मोजा. आमचा तीन जणांचा सोफा दुसऱ्या मजल्यावर नेताना पाय काढावे लागले होते.) दोन वर्षांत बदली होणार असेल तर नवा घेऊ नका आणि जुना नवाही करू नका, वेताचं किंवा लोखंडी काहीतरी वापरलेलं घ्या. वापरलेलं घेताना शिवणीच्या दुमडीत टॉर्च मारून ढेकूण बघा. काळे बारीक ठिपके दिसले की हात जोडून निघा.

नवा घेताना दुकानात तीनच गोष्टी विचारा. एक, आतलं लाकूड कोणतं? ‘इंजिनिअर्ड वूड’ म्हणाले तर ‘प्लाय की बोर्ड?’ हा पुढचा प्रश्न. प्लायवर आयएस ३०३ (भारतीय मानकाचा क्रमांक) असेल तर त्यातही एमआर आणि बीडब्ल्यूआर असे दोन दर्जे असतात. एमआर नुसत्या दमट हवेपुरतं, बीडब्ल्यूआर पाण्याला जास्त टिकतं. आयएस ७१० म्हणजे मरीन प्लाय, पाण्याला त्याहून टिकणारं. दोन, कव्हर चेन उघडून निघतं का? तीन, सोफा पायांवर उभा आहे की जमिनीला टेकलेला? जमिनीला टेकलेल्या सोफ्याखाली आपल्याकडे जुलैमध्ये काय उगवतं ते मी पाहिलं आहे.

आणि ते ‘लेदर’. बहुतेक वेळा ते कापडावर चढवलेला पॉलियुरेथेनचा पातळ थर असतो. दमट हवेतला ओलावा त्या थराचे रासायनिक बंध हळूहळू तोडतो. कितीही पुसा, तेल लावा, एसी लावा, एकदा सुटायला लागला की थांबत नाही. साधं रेक्झिन असं सोलत नाही, पण काही वर्षांनी कडक होऊन तडकतं आणि मे महिन्यात मांड्यांना चिकटतं. गोव्यात दोन्ही घेऊ नयेत असं माझं मत आहे. खरं चामडं परवडत असेल तरी बुरशीशी वर्षातले चार महिने कुस्ती खेळायची तयारी ठेवा.

५. हिशेब कशाशी करायचा

आमच्या तीन अधिक एक अधिक एक अशा पाच जणांच्या सोफ्याचं बिल असं झालं: कापड १८ मीटर, ४८० रुपयांनी ८,६४०. फोम ७,५००. फोमखालचे पट्टे, चेन, दोरा, खालचं कापड मिळून १,४००. मजुरी ७,५००. टेम्पो येऊन-जाऊन १,२००. एकूण २६,२४०. मेस्तांची सुतारकी आणि पॉलिश वेगळं. तुमच्याकडे दर वेगळे असतील, पण रकाने हेच ठेवा आणि कारागिराला रकान्यांनुसारच दर विचारा. ‘सगळं मिळून अमुक’ असा भाव आला की त्यातला फोम हलका निघतो, असा माझा अनुभव आहे.

आकडा ऐकल्यावर घरात कुणीतरी म्हणणारच, ‘‘एवढ्यात नवा येतो की!’’ येतो. पण तो भुशाच्या बोर्डाचा. तुलना करायची ती तसल्याच भरीव लाकडाच्या नव्या सोफ्याच्या किमतीशी. म्हापशाला किंवा मडगावला एखाद्या सुताराकडे त्याच मापाच्या सागवानी सांगाड्याचा नुसता भाव विचारून या. दुरुस्तीचा सगळा खर्च त्या नव्याच्या निम्म्याच्या आत बसत असेल तर मी दुरुस्तीच करेन. सांगाडा साध्या जंगली लाकडाचा असेल तर एवढा आग्रह धरणार नाही.

६. फोम: बोलण्यावर नको, वजनावर घ्या

सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते, कारण फोम कव्हरच्या आत जातो. फोमचा आकडा म्हणजे घनता, एका घनमीटरचं किलोत वजन. बसायच्या गादीला ४० चा, पाठीला ३२ किंवा २८ चा पुरतो. २३ चा फोम बैठकीत घातला तर वर्षभरात खळगा पडतो. ‘हार्ड’, ‘सॉफ्ट’ या शब्दांना फसू नका. हलका फोमही कडक करता येतो आणि दुकानात बोटाने दाबून काही कळत नाही.

कळतं ते काट्यावर. २४ बाय २४ इंच आणि ४ इंच जाड तुकडा ४० घनतेचा असेल तर वजन साधारण दीड किलो भरतं. ३२ चा असेल तर १ किलो २०० ग्रॅम. आमच्या पहिल्या कारागिराने ४० चे पैसे लावले होते. मी पाचही तुकडे काट्यावर ठेवले आणि एकही सव्वा किलोच्या वर गेला नाही. तो म्हणाला, ‘‘हवेचं वजन कमी-जास्त होतं.’’ मी म्हटलं, मग पैसेही कमी-जास्त होऊ देत. दुसरा कारागीर शोधावा लागला, पण नव्या गाद्या अजून बसलेल्या नाहीत.

फोम गुंडाळण्याआधी वजन करायचं, हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवा. सांगितलं की पुष्कळदा बरोबर माल येतो.

फोमखालचे पट्टेही बदलून घ्या. जुने पट्टे तसेच ठेवून वर नवा फोम घालणं म्हणजे तुटक्या खाटेवर नवी गादी.

७. कापड

सोफ्याचं कापड साधारण ५४ इंच पन्ह्याचं असतं. मोठी फुलं किंवा पट्टे घेतलेत तर नक्षी जुळवण्यात दोन-तीन मीटर वाया जातं, ते आधीच धरा. पहिल्यांदाच करून घेत असाल तर एकरंगी, बारीक विणीचं घ्या. विणकामाच्या मजबुतीला मार्टिंडेल नावाचा घासण्याचा आकडा असतो. नमुन्यांच्या पुस्तकात मागच्या बाजूला तो छापलेला सापडतो. रोज बसायच्या सोफ्याला २५,००० च्या पुढचा घ्या.

मखमल सुंदर दिसते, पण आपल्या दमट हवेत तिच्या लवेत बुरशी बसली की ती घासून काढताना लवही जाते. शुद्ध सुती कापड हवंच असेल तर कापण्याआधी धुऊन घ्या, नाहीतर पहिल्या धुण्यानंतर कव्हर गादीवर चढत नाही. पॉलिस्टर मिश्रण कंटाळवाणं वाटतं, पण टिकतं. नमुन्याचा तुकडा घरी आणून आठवडाभर खिडकीत ठेवा आणि त्यावर चहाचा एक थेंब सांडून बघा.

किनाऱ्याजवळ राहत असाल तर पिनांचं आवर्जून सांगा: गंजणाऱ्या पिना नकोत, स्टेनलेस स्टीलच्या मारा. खारा वारा साध्या पिनांना खातो आणि त्याचे तांबूस डाग कापडावर उमटतात. चेनही नायलॉनची.

८. कधी आणि कुणाला द्यायचं

पॉलिश जून ते सप्टेंबर करायचं नाही. दमट हवेत चकाकीखाली दुधाळ धुकं बसतं आणि ते पुसून जात नाही. चवथीआधीचा (गणेश चतुर्थीआधीचा) दीड महिना तर टाळाच, तेव्हा सगळ्या गोव्याला सोफे नवे हवे असतात आणि काम उरकलं जातं. डिसेंबर ते मार्च उत्तम. कारागीर सणाला गावी कधी जाणार हे विचारून घ्या. आमचा सोफा एकदा नुसत्या सांगाड्याच्या रूपात वीस दिवस उभा होता.

काम दाखवा म्हटल्यावर मोबाइलमधले फोटो दाखवतात. त्याऐवजी दोन-तीन वर्षांपूर्वी केलेल्या एखाद्या सोफ्याच्या घरी पाठवायला सांगा. जो पाठवतो त्याला द्या.

कागद म्हणून एवढं घ्या:

- रकान्यांसह लेखी अंदाज, फोमची घनता आणि जाडी लिहून
- ठरलेल्या कापडाचा तुकडा त्याच कागदाला पिन मारून
- आगाऊ रकमेची पावती आणि देण्याची तारीख
- फोम व कापडाचं दुकानाचं पक्कं बिल

सोफा नेण्याआधी चारही बाजूंनी आणि खालून फोटो काढा. पैसे तीन टप्प्यांत द्या, शेवटचा टप्पा घरी बसून बघितल्यावर.

९. जुनं विकायचं ठरलंच तर

आमच्या वाड्यावर कचऱ्याच्या गाडीत सोफा जात नाही. पंचायतीत किंवा पालिकेत आधी विचारा आणि ओहोळाकाठी नेऊन टाकू नका.

लाकडी जुनं सामान असेल तर गोष्ट वेगळी. गावोगाव फिरून जुन्या वस्तू विकत घेणारे लोक येतात. आमच्या शेजारच्या आजींनी दोन नक्षीच्या शिसवी खुर्च्या देऊन बदल्यात रेक्झिनचा नवा सोफा घेतला होता. सोफा कधीच संपला. त्यामुळे दारावर आलेल्याला त्याच दिवशी होकार द्यायचा नाही. किमान एका सुताराला लाकूड दाखवा.

वडिलोपार्जित घरातलं सामान असेल तर भावंडांना विचारल्याशिवाय विकू नका. आपल्याकडे वारशाची इन्व्हेंटरी (वाटणीसाठी मालमत्तेची यादी) होते त्यात जंगम वस्तूही येतात, आणि एका खुर्चीवरून अबोला धरलेली घरं आपण पाहिली आहेत. परदेशातल्या नातेवाइकाला पाठवायची असेल तर आणखी दोन गोष्टी. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येऊ शकते आणि अशी वस्तू देशाबाहेर नेता येत नाही. शिवाय शिसवी हे साईटिस या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतलं लाकूड असल्यामुळे त्याची जड वस्तू बाहेर पाठवायला परवाना लागतो. पाठवणाऱ्या एजंटने ‘काही लागत नाही’ म्हटलं तरी.

१०. घरी आल्यावर

सोफा भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा, विशेषतः चिऱ्याच्या भिंतीला ओल येत असेल तर. खालच्या बाजूला हवा जाणारंच कापड मारलंय ना बघा. काही कारागीर तिथे रेक्झिन मारतात, मग आतला ओलावा आतच राहतो. पावसात आठवड्यातून एकदा गाद्या उभ्या करून पंखा लावा.

आणि उरलेलं कापड मागून घ्या. मागितलं नाही तर ते तिथेच राहतं. आमच्या सोफ्याच्या डाव्या हातावर गेल्या मार्चमध्ये भाच्याने शाईची दौत उपडी केली. मी ठेवलेल्या पाऊण मीटरमधून कारागिराने दोन्ही हातांना जोडीने पट्ट्या शिवून दिल्या, म्हणजे नंतर जोडलंय हे कळू नये.